एकच पुस्तक, एकच तलवार: बेळगावातल्या एका डी अँड डी गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढलं की मागच्या खोलीत डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे डी अँड डीचा, खेळ बसतो. २०२३ च्या जानेवारीत प्रकाशकांनी पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या फुकट वापराच्या परवान्याखाली खुले केले. फुकट पीडीएफ मिळाली म्हणून त्या पावसाळ्यात आम्ही सहा जण जमलो. गोष्ट चालवणारा, म्हणजे डीएम, मी. बाकी पाच जण प्रत्येकी एक पात्र घेऊन खेळणार.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. फाशावर पात्राच्या कौशल्याचे आकडे मिळवायचे, बेरीज हव्या त्या आकड्याला पोचली की जमलं. सोंगट्या, नकाशा असतात, पण पट नाही आणि हरणं-जिंकणंही नाही. पाच जणांची टोळी एकत्र जगते किंवा एकत्र मरते.

खेळाडूंची नावं सांगत नाही, पात्रांच्या नावानंच ओळखू. वज्रसेन हा पॅलाडिन, म्हणजे देवाची शपथ घेतलेला योद्धा. त्याचा खेळाडू बंगळूरच्या कंपनीचं काम घरून करणारा इंजिनियर. धोंडू हा रेंजर, रानातला माणूस, सोबत मोत्या नावाचा लांडगा. त्याचा खेळाडू खानापूरच्या पुढच्या एका गावचा, मोटार रिवायंडिंगचं काम करणारा, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. उल्का ही विझार्ड, म्हणजे जादूगार, तिची खेळाडू औषधांचं दुकान चालवते, आम्ही तिला ताई म्हणतो. सावळ्या हा चोर, इंग्रजीत ‘रोग’ (Rogue). तो चिकोडीकडच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा. घरी कन्नड, टेबलावर मराठी, चिडला की दोन्ही. आणि भटोबा हा क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारा पुजारी, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचा.

पुढच्या सगळ्या प्रकाराला कारण ठरलेल्या दोन गोष्टी इथंच सांगतो, कारण तेव्हा त्या मला बारीकसारीक वाटल्या होत्या.

एक, नियमपुस्तक. फुकटच्या पीडीएफमध्ये पॅलाडिन, रेंजर अशा प्रत्येक वर्गाचा एकेकच उपप्रकार आहे. लांडगा पाळणारा रेंजर त्यात नाहीच. पूर्ण पुस्तक फक्त इंजिनियरकडे होतं, विकत घेतलेलं, जाड पुठ्ठ्याचं, आणि ते त्याच्या घरी असायचं. धोंडूचं पात्र त्यानंच आपल्या घरी बसून तयार करून दिलं. प्रेमानं दिलं, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरी, बस. धोंडूवाल्याला खानापुरातून पुढच्या गावाची शेवटची गाडी पकडायची तर बेळगाव सहाच्या सुमाराला सोडावंच लागतं. त्यामुळे खेळ अडीचला सुरू, सहाला बंद. साडेतीन तासांत चहा-भजी धरून एक मोठी लढाई बसते. मग मी दर रविवारी एकच लढाई ठेवायचो, आणि ती संपली की पात्रं रात्रभर झोपली, सगळी ताकद परत आली, असं जाहीर करून टाकायचो. पुढच्या रविवारी कोरी पाटी.

अडचण

पात्राचे सहा मूळ गुण ठरवायला आम्ही फासे टाकले. सहा बाजूंचे चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान काढून टाकायचा, उरलेल्या तिनांची बेरीज. असं सहा वेळा. पुस्तकात याला पर्याय म्हणून तयार संच दिलेला आहे: १५, १४, १३, १२, १०, ८. त्याची बेरीज ७२. फासे टाकूनही सरासरी बेरीज साधारण ७३ येते, म्हणून मला दोन्ही सारखंच वाटलं. सरासरी सारखी असली तरी टेबलावर सरासरी माणूस बसत नाही. वज्रसेनला आले १८, १६, १५, १४, १२, १०. बेरीज ८५. धोंडूला आले १४, १३, १२, ११, ९, ८. बेरीज ६७. टेबलावर हशा पिकला. "रानातला आहे, चालतंय की," म्हणून काकांनी त्याची समजूत काढली.

खेळत गेलं की पात्र एकेक लेव्हल, म्हणजे पायरी, वर चढतं. पहिल्या दोन लेव्हलपर्यंत फरक जाणवला नाही. तिसऱ्या लेव्हलला मोत्या आला आणि गाडं अडलं. २०१४ च्या नियमांत लांडग्याला हल्ला करायला सांगायचं तर रेंजरला स्वतःची कृती खर्च करावी लागते. म्हणजे एक तर तू बाण मार, नाहीतर लांडगा चावेल. दोन जीव आणि टर्न एकाचाच. पाचव्या लेव्हलला यात थोडी सूट मिळते, पण तोवर धोंडूवाल्याचे चार-पाच महिने गेले होते.

त्याच पाचव्या लेव्हलला वज्रसेनला एका टर्नमध्ये दोन घाव मिळाले. दोनदा तलवार लागली तर सरासरी २४. वर पॅलाडिनची खास ताकद, स्माइट: घाव लागल्यावर स्पेलचा, म्हणजे मंत्रांचा, साठा ओतून त्यात आणखी इजा मिळवायची. मोठे दोन साठे ओतले की सरासरी २७ आणखी. एका राऊंडला, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत, ५१. ओग्र नावाच्या राक्षसाचे पुस्तकातले सरासरी हिट पॉइंट, म्हणजे मार झेलायची ताकद, ५९ आहेत. मी आठवडाभर खपून उभा केलेला ओग्र चहा येण्याआधी आडवा व्हायचा.

पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे असे सहा साठे असतात. दिवसात सहा-सात झटापटी असतील तर ते पुरवून वापरावे लागतात. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात तर दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा अवघड सामने टोळीला झेपतात असा अंदाजच दिलेला आहे. आमच्याकडे दिवसाला एक. चार राऊंडची लढाई, आठ घाव, त्यातले पाच-सहा लागणार, प्रत्येकावर स्माइट. त्याला काटकसर करायचं कारणच नव्हतं. खानापूरच्या बसनं माझ्या टेबलावरचा पॅलाडिन दुप्पट करून ठेवला होता, आणि हे माझ्या ध्यानात यायला सहा महिने लागले.

२०२४ च्या जानेवारीपर्यंत चित्र असं झालं: लढाई सुरू झाली की ताई फोन बघायच्या. काका भजी संपवायचे आणि हाक आली की भटोबाकडून जखमा बऱ्या करून द्यायचे. "मी म्हणजे सरकारी दवाखाना," असं ते हसून म्हणायचे. पण दोनदा म्हटल्यावर ते हसणं राहिलं नव्हतं. धोंडूवाला आपला टर्न आला की "मी मारतो बाण" एवढंच म्हणून फासा टाकायचा. दोन रविवार आलाच नाही. निरोप आला, शेतात काम आहे.

पहिले उपाय आणि ते कसे फसले

माझं निदान असं झालं की वज्रसेन फार तगडा आहे. निदान चुकलं की औषध चुकतं. मी दोन औषधं दिली.

पहिलं, राक्षसांचं चिलखत वाढवलं. आर्मर, म्हणजे घाव लागायला गाठावा लागणारा आकडा, १५ असायचा तिथे १८ केला. वज्रसेनचा फाशात मिळवायचा हल्ल्याचा आकडा अधिक ८, त्याचा घाव लागायची शक्यता ७० टक्क्यांवरून ५५ वर आली. मी खूश. पण धोंडूच्या बाणाचा आकडा अधिक ५ होता, त्याची शक्यता ५५ वरून ४० वर गेली. दोघांचेही १५ टक्केच गेले, पण एकाच्या गल्ल्यात सत्तर होते आणि दुसऱ्याच्या पंचावन्न. शिवाय वज्रसेनला टर्नला दोन घाव, एक चुकला तर दुसरा आहे. स्माइट तर घाव लागल्यावरच जाहीर करायचा असतो, म्हणजे तो कधी वाया जातच नाही. सावळ्याचा मात्र टर्नला एकच वार. तो चुकला की त्याचा रविवार वीस मिनिटं रिकामा. त्या दिवशी सावळ्यावाला सलग तीनदा चुकला आणि फासा कपाटाखाली गेला. "इरलि बिडु," राहू दे, म्हणाला, आणि तो शोधायला वाकलासुद्धा नाही.

दुसरं, वज्रसेनलाच गाठायला सुरुवात केली. उडणारे शत्रू आणले, तलवार पोचू नये म्हणून. राक्षस बाकीच्यांना सोडून त्याच्यावरच धावायला लागले. इंजिनियरनं दोन रविवार सोसलं. तिसऱ्या रविवारी शांतपणे विचारलं, "मला चांगलं खेळतोय म्हणून शिक्षा आहे का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण शिक्षाच होती ती. उडणाऱ्या शत्रूंचा धोंडूला फायदा होईल, तो तिरंदाज आहे, असं मी मनाशी धरलं होतं. पण ४० टक्के शक्यता घेऊन तो तरी काय उडवणार? तो दिवस सगळ्यांचाच वाईट गेला.

बसस्टँडवरचं बोलणं

त्या संध्याकाळी धोंडूवाल्याला मी गाडीवरून बसस्टँडला सोडलं. खानापूरची गाडी लागलेली नव्हती. मी म्हणालो, तुझं पात्र कमजोर झालंय, मी त्याला एक जादूचं धनुष्य देतो. तो थोडा वेळ फलाटाकडे बघत राहिला.

"धनुष्य नको दादा. माझा टर्न आला की तो वज्रसेनवाला सांगालाय काय करायचं ते. मला सुचलेलं असतंय. पण मी मराठीतनं जुळवून सांगेपर्यंत तो पुस्तकातलं नाव घेऊन सांगून मोकळा. मग तेच बरोबर असतंय. मग मी मारतो बाण."

मी विचारलं, एखादा स्पेल का वापरत नाहीस? त्यानं खिशातून घडी घातलेला पात्राचा कागद काढला. चार स्पेलची इंग्रजी नावं, इंजिनियरच्या अक्षरात. दोन कशासाठी आहेत हे त्याला माहीत होतं. उरलेल्या दोनांचं विचारायचं राहून गेलं होतं. "सगळ्यांच्या पुढं काय विचारायचं," म्हणाला. रेंजरला दुसऱ्या लेव्हलला लढण्याची एक शैली निवडायची असते. तिरंदाजाची शैली घेतली असती तर बाणाला सरळ अधिक दोन मिळाले असते. यानं डिफेन्स घेतली होती. का, तर यादीत तोच एक शब्द क्रिकेटमुळे ओळखीचा होता.

गाडी लागली, तो गेला. मी स्टँडवरच चहा घेतला आणि सहा महिन्यांचे रविवार आठवत बसलो. प्रत्येक रविवारी आवाज एकाचाच. उल्का आगीचा गोळा कुठे टाकेल, भटोबा कुणाला बरा करेल, सावळ्या कुठून शिरेल, हे सगळं इंजिनियर सांगायचा, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असायचं. वज्रसेनची तलवार हा त्यातला दिसणारा भाग. टेबलावर एकच पुस्तक होतं आणि ते ज्याच्याकडे त्याच्याकडे पाचही पात्रं होती.

नवशिका म्हणून गप्प असतो, असं मी धोंडूवाल्याबद्दल धरून चाललो होतो. सीमाभागात राहून हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सातबारा कन्नडमध्ये हातात पडल्यावर चांगला बोलका माणूस तहसील कचेरीत कसा गप्प होतो ते आम्ही इथं घरोघरी पाहिलेलं आहे.

समोरचे पर्याय

पुढचा रविवार मी रद्द केला आणि एकेकाशी वेगळं बोललो. बोलण्यातून जे पर्याय निघाले ते असे.

स्माइटला कात्री लावायची, टर्नला एकदाच. (पुढं २०२४ च्या नव्या नियमांत प्रकाशकांनीच जवळपास हे केलं. तेव्हा ते पुस्तक आलेलं नव्हतं.) ताईंचा याला विरोध होता. चालू खेळात एकाच्या हातातलं काढून घेतलं तर उद्या माझ्या आगीच्या गोळ्यावर येशील, म्हणाल्या. खरं होतं. त्यांच्या गोळ्याची सरासरी इजा २८, तीही एकाच वेळी अनेकांना.

कमजोर पात्रांना जादूच्या वस्तू द्यायच्या. हा माझा आवडता होता, बसस्टँडवर मेला.

सगळी पात्रं मोडून तयार संचावर नवी करायची. सगळ्यात स्वच्छ उपाय हाच. पण काकांनी भटोबाची वंशावळ वहीत लिहून काढली होती, चार पानं. त्यांना हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

इंजिनियरला सांगायचं, जरा हात आखडता घे. मी सांगितलंही. तो म्हणाला, मुद्दाम वाईट खेळायचं असेल तर मी येतो कशाला? हेही खरंच. त्याच्याशी बोलताना आणखी एक गोष्ट कळली, जी मला सुचली नव्हती. त्याला कुणावर हुकूम चालवायचा नव्हता. सहाची बस आहे, लढाई अर्धी राहिली तर मजा जाईल, म्हणून तो सगळ्यांना ढकलत होता. बस पुन्हा आलीच.

शेवटचा पर्याय ताईंचा: पात्रं तशीच ठेवू, आपण खेळतो कसं ते बदलू.

काय केलं

ताईंचं ऐकलं, पण पूर्ण नाही. गुणांच्या बाबतीत एवढंच केलं की ज्याचे फासे तयार संचापेक्षा वाईट पडले होते त्याला तो संच घेण्याची मुभा दिली. कुणाचं काढलं नाही. धोंडूनं घेतला, शिवाय तिरंदाजाची शैली बदलून दिली. बाणाचा आकडा अधिक ५ वरून अधिक ८, शक्यता ५५ वरून ७० टक्के. लांडग्यासाठी २०२० च्या पुरवणी पुस्तकातला नियम लावला, त्यात सोबत्याला हुकूम द्यायला बोनस कृती, म्हणजे मुख्य कृतीशिवायची छोटी कृती, पुरते. आता बाणही सुटतो आणि मोत्याही चावतो. इंजिनियरनंच तो नियम शोधून आणला.

लांबलचक विश्रांती, म्हणजे ती रात्रभराची झोप, रविवारपासून तोडली. खेळ सहाला थांबतो तिथेच थांबतो, पात्रं झोपत नाहीत. कुणाचे किती स्पेल उरले ते मी दुकानातल्या पावती पुस्तकावर लिहून प्रत्येकाची सही घेतो. एक दिवस तीन-तीन रविवार चालायला लागला. सहा स्माइट तीन आठवडे पुरवायचे म्हटल्यावर इंजिनियर वाण्यासारखा हिशोब करायला लागला, आणि मला वाटतं त्यातच त्याला जास्त मजा यायला लागली.

टेबलाचा नियम एकच केला: ज्याचा टर्न त्यानं विचारल्याशिवाय सल्ला नाही. काकांनी पहिल्या दिवशी चार वेळा मोडला. त्यांच्याकडून कुणाला ही अपेक्षा नव्हती.

मग कार्डं. प्रत्येक पात्राचं एक पान, मराठीत, लॅमिनेट करून. पहिला मसुदा मी लिहिला आणि तो वाईट होता. मी लिहिलं होतं सज्जता, एकाग्रता, अनुकूलता. धोंडूवाला एका रविवारी बारा वाजताच आला, वाचून म्हणाला, "दादा, हे शाळेतलं झालं." मग आम्ही दोघांनी पुन्हा बसून लिहिलं. शत्रू पुढं आला की मारीन म्हणून थांबायची जी कृती आहे तिला त्यानं नाव दिलं टपून बसणे. एका वेळी एकच चालू ठेवता येणाऱ्या स्पेलना धरून ठेवणे. दुसऱ्याला मदत करून त्याला दोन फासे टाकायला देणं, त्यातला मोठा घ्यायचा, ते झालं हात देणे. सावळ्याच्या कार्डावर त्यानंच ओळ घातली: शत्रूच्या शेजारी आपला कुणीही उभा असला की चोरटा घाव, तीन फासे जास्त, मोत्या असला तरी चालतो. सावळ्यावाल्याला हे कधी सुचलंच नव्हतं. तो आजवर लपायला कोपरे शोधत होता, आणि इकडे लांडगा रिकामा बसलेला.

दरीतला रविवार

मार्च महिन्यातला खेळ. गोष्टीतली जागा मी भीमगडच्या रानासारखी रंगवली होती: खोल दरी, तळाला ओढा, पलीकडच्या कड्यात गुहा, गुहेत पळवून नेलेली गावातली माणसं. वरच्या बाजूला दगडी बांध, तो फोडला तर ओढ्याला पूर. पहारा जागोजाग. मुद्दाम तीन कामं ठेवली होती: माणसं सोडवायची, बांध राखायचा, आणि दोन्ही होईपर्यंत आरडाओरडा होऊ द्यायचा नाही. एका तलवारीला तीन ठिकाणी उभं राहता येत नाही.

वज्रसेनकडे दोनच स्माइट उरले होते, आधीच्या रविवारचे. शिवाय अंगावर लोखंडी चिलखत, त्यामुळे लपताना दोन फासे टाकून लहान घ्यायचा. इंजिनियर म्हणाला, "मी मागे थांबतो, माझ्यामुळे सगळे सापडतील." टेबल गप्प. धोंडूचा टर्न.

त्यानं कार्ड उचललं आणि बोट ठेवून वाचलं. तिसरी ओळ. इंग्रजी नाव त्यानं खोडून टाकलेलं, वर लिहिलेलं: पाऊल न वाजणे, तीस फुटांतले सगळे, लपायला अधिक दहा, तासभर, धरून ठेवणे.

"मी हे लावतो. सगळ्यांनी माझ्याजवळ राहायचं. वज्रसेन पण."

इंजिनियरनं तोंड उघडलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं, मला दिसलं. मग त्यानं ओठ मिटले आणि दोन फासे उचलले. एकावर अकरा, दुसऱ्यावर चार. लहान घ्यायचा, चार. अधिक दहा. चौदा. पहारेकऱ्याची नजर माझ्या कागदावर बारा होती.

मी म्हणालो, "चिलखत वाजत नाही. पहारेकरी जांभई देतो."

काकांनी टेबलावर हात आपटला, चहा सांडला, नकाशावरचा ओढा खरोखर ओला झाला. पुढचा तासभर टोळी धोंडूच्या मागून चालली. कुठून उतरायचं, कुठे थांबायचं, हे तो सांगत होता, आणि तो ओढ्याचा काठ, वाऱ्याची दिशा, दगडावरची शेवाळ असं बोलायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की याच्यासारखं रान आमच्यापैकी कुणीही बघितलेलं नाही. मी वर्णन करायचं थांबलो आणि त्यालाच विचारायला लागलो. बांधापाशी शेवटी लढाई झालीच. मोत्या पहारेकऱ्याच्या बाजूला, सावळ्याचा चोरटा घाव, आणि वज्रसेनचे दोन्ही स्माइट एकाच टर्नमध्ये. ते लागलेच पाहिजेत अशी वेळ आली होती म्हणून त्यांचा आवाज मोठा झाला.

परिणाम

सहाव्या लेव्हलला पॅलाडिनला एक वलय मिळतं. त्याच्या दहा फुटांत असलेल्या साथीदारांना संकट झेलायच्या फाशावर त्याच्या करिश्मा या गुणाचा आकडा मिळतो, वज्रसेनचा अधिक तीन. भटोबाचा आशीर्वादाचा स्पेल धरून ठेवणाऱ्यातला. तीन जणांना प्रत्येक हल्ल्यावर चार बाजूंचा एक फासा जास्त, पण भटोबाला मार बसला की तो सुटण्याची भीती. लहान मार झेलून तो टिकण्याची शक्यता ६० टक्के होती, वज्रसेन शेजारी उभा राहिला की ७५. इंजिनियरनं हे स्वतःच काढलं. तोवर पुढे धावणारा वज्रसेन काकांच्या शेजारी उभा राहायला लागला. त्याच वेळी काकांना कळलं की वज्रसेनचे कितीतरी घाव इतके दिवस त्यांच्याच आशीर्वादाच्या फाशानं लागत होते. "मग दवाखाना नव्हे, पॉवर हाऊस म्हणा," म्हणाले.

सगळंच जुळलं असं नाही. ताईंना अजून कधी कधी कंटाळा येतो. तीन रविवारांचा एक दिवस झाल्यावर आगीचे मोजकेच गोळे तीन आठवडे पुरवायचे, हे त्यांना जड जातं. पॅलाडिनला काटकसर लावताना विझार्डचे हातही बांधले गेले, हे मी आधी मोजलं नव्हतं. सावळ्यावाला शिक्षण संपवून पुण्याला गेला. आणि पावती पुस्तकाचा उद्योग तसा कटकटीचाच आहे. दोनदा पान हरवलं आणि स्माइट किती उरले यावर वाद झाला.

वेगळं काय करता आलं असतं

फासे टाकायला नको होते. पहिल्याच दिवशी तयार संच दिला असता तर अर्धी गोष्ट घडलीच नसती. फासे टाकायचेच असतील तर एकानं टाकावेत आणि आलेले सहा आकडे सगळ्यांनी वापरावेत, आता नवीन गटाला मी तेच सांगतो.

राक्षसांचं चिलखत वाढवण्याआधी लोकांशी बोलायला हवं होतं. मी आकड्यांत शोधत बसलो कारण आकडे मला एकट्याला रात्री बसून सोडवता येत होते. बोलण्यासाठी कुणाला तरी स्टँडवर सोडायला जावं लागतं.

इंजिनियरशी मी उशिरा बोललो आणि आधी वागलो. उडणाऱ्या शत्रूंचे ते तीन रविवार मला परत मिळाले तर मी ते रद्द करीन. त्यानं ते मनात ठेवलं नाही, पण पुढे बरेच दिवस एखादा राक्षस त्याच्याकडे वळला की तो आधी माझ्या तोंडाकडे बघायचा.

आणि पुस्तक. पूर्ण पुस्तकाची दुसरी प्रत आम्ही वर्गणी काढून घेतली, ती दुकानात असते. परवा धोंडूवाला शनिवारीच आला, दुकान बंद करताना. सातव्या लेव्हलला काय काय मिळतं ते बघायचं होतं त्याला. मी शटर ओढेपर्यंत तो काउंटरवर पुस्तक उघडून एकेक शब्द मोबाईलवर बघत वहीत उतरून घेत होता, आणि सहाची गाडी निघून गेली होती.